झिऱ्यावर अडवलेली घोडी

पत्र चोपडा तालुक्यातून आलं आहे. लिहिणारे चौतीस वर्षांचे, गावात कृषी केंद्र चालवतात. दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी मारवाडी घोडी आणली. हळूहळू आणखी चार घोडेवाले मित्र जमले आणि रविवारची रपेट सुरू झाली. मार्चमध्ये पाचही जण सातपुड्याच्या पायथ्यापासून पायवाटेने वर निघाले. एका पाड्याखालच्या नाल्यातल्या झिऱ्यावर, म्हणजे वाळूत उकरलेल्या पाण्याच्या खड्ड्यावर, घोडे नेले, तेव्हा तिथल्या बायकांनी आणि एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना अडवलं. शब्दाला शब्द लागला. ‘नाला सरकारी आहे,’ असं एक मित्र बोलून गेला. पुढे वनरक्षक भेटले. इथून पुढे अभयारण्य आहे, परवानगीशिवाय घोडे नेता येणार नाहीत, असं सांगून त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं.

आता मित्रांचा बेत ठरलाय. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दोन दिवसांची रपेट, पहाटे अंधारात नाका चुकवून. भरधाव घोड्यांचा व्हिडिओही काढायचा आहे. हे लिहितात, “मन खात नाही असं नाही. पण घोडा धूर सोडत नाही, हॉर्न वाजवत नाही. पाड्यावरची गुरं रोज त्याच रानात चरतात. आपले पूर्वज घोड्यावरूनच हिंडले. रानात तरी काय आहे, नुसती झाडं. मग आम्हालाच का अडवतात? पुढेमागे पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा धंदाही डोक्यात आहे. मित्रांना नाही म्हटलं तर भित्रा म्हणतील. जावं का? का घोडी विकूनच टाकू?”

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. घोडी विकू नका. तुमच्या पत्रात तिचं खाणंपिणं, नाल आणि खरारा यांवर दीड पान आहे. इतक्या जिवाने जनावर ठेवणारा माणूस रानाशीही नीट वागू शकतो, या भरवशावर पुढचं लिहिते.

वनरक्षक काय म्हणाले ते तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि झिऱ्यावरचा प्रसंग चार ओळींत उरकलात. मला मात्र तो प्रसंगच मोठा वाटला.

फाल्गुनात सातपुड्याच्या पायथ्याचे नाले वरून कोरडे पडतात. पाणी असतं, पण वाळूखाली. बाया हाताने किंवा खुरप्याने वाळू उकरतात, गुडघाभर खड्डा करतात आणि बसून राहतात. आधी गढूळ पाणी येतं, ते उपसून टाकायचं. मग नितळ पाणी झिरपायला लागलं की वाटीने हंडा भरायचा. एक हंडा भरेपर्यंत अंगावरची सावली सरकते. आता त्या खड्ड्यावर पाच घोडे आणा. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं, उन्हात चालून आला तर त्याहून जास्त. एका दमात दहा-बारा लिटर तो सहज ओढतो. म्हणजे पाच घोड्यांच्या एका पिण्यात चार हंडे गेले. आणि घोडा काही काठावर उभा राहून अदबीने पीत नाही. पुढचे पाय कडेवर देतो, कड ढासळते, खड्डा बुजतो. एखादा खुराने पाणी उडवतो. वर तिथेच लीद टाकतो. नाला सरकारी असेलही, पण झिरा त्या बाईने सकाळी उठून स्वतः उकरला होता. शिवाय रात्री माणसं गेली की त्याच ओल्या वाळूवर भेकर येतं, साळिंदर येतं, कधी अस्वलही येतं. वैशाखात त्यांच्यासाठी दुसरा पाणवठा कोसभर लांब असू शकतो.

म्हणून पाण्याचा नियम पक्का ठेवा. रानात शिरण्याआधी शेवटच्या गावात, विचारून, हाळावर, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या टाक्यावर, घोडे पाजायचे. सोबत घडीची बादली ठेवायची. वर एखादं धरण किंवा वाहता ओढा लागला तर घोडा पन्नास-साठ पावलं लांब उभा करायचा आणि पाणी बादलीने त्याच्याकडे न्यायचं. झिऱ्याला घोड्याचं तोंड लावायचं नाही, कितीही तहानला असला तरी. तेवढी तहान लागली असेल तर बेतच चुकला म्हणायचा, घोडे मागे फिरवा.

आता धुराचं. घोडा धूर सोडत नाही हे खरंच, त्यावर वाद नाही. पण तो वजन सोडतो. साडेतीनशे-चारशे किलोची घोडी, वर तुम्ही, खोगीर आणि सामान. हे सगळं वजन चार तळहातांएवढ्या जागेवर, त्याला लोखंडी नाल, आणि दुडकीत तर एका वेळी दोनच पाय जमिनीवर. सातपुड्यातली थोराड नीलगायसुद्धा तुमच्या घोडीहून बरीच हलकी भरते. तिथली पायवाट माणसाच्या अनवाणी पायाने पडलेली आहे, वीतभर रुंद, खाली मुरूम आणि वर बोटभर माती. पाऊस पडून गेला की त्या मातीत खूर रुततो, खळगा होतो, त्यात पाणी साचतं. मागचा स्वार खळगा चुकवायला बाजूने घोडा घालतो, त्याच्या मागचा आणखी बाजूने. एका हंगामात एका वाटेच्या तीन वाटा होतात. उतारावर तर त्या वाटा राहतच नाहीत, मृगाचं पाणी त्यातूनच धावतं आणि नाली पडते. ती बोटभर माती कुठे जाते ते खाली धरणात गाळ काढणाऱ्यांना विचारा.

त्यामुळे मृगापासून दिवाळीपर्यंत डोंगर बंद. अवकाळी झाला तर त्यानंतर चार दिवस बंद. एरवी जिथे जीपगाडी जाते असा कच्चा रस्ता धरायचा, पायवाट नाही. घोडे एकामागे एक, चिखल लागला तरी रस्त्याच्या मधूनच. डोंगरात फक्त कदम चाल, म्हणजे सावकाश चालणं. चढ-उतार तीव्र असेल तर उतरून लगाम हातात घेऊन चालायचं, त्यात कमीपणा नाही. आणि एक नाजूक गोष्ट. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त असू नये असा जाणत्यांचा अंदाज आहे. साडेतीनशे किलोच्या घोडीवर सत्तर किलो. तुमचं वजन पत्रात नाही, आणि आखाजीच्या आधी खानदेशी माणसाला ते विचारूही नये.

गुरांचा मुद्दा तुम्ही रागाने लिहिलाय, पण तो खोटा नाही. गुरांनीही रान झिजतं, हे तिथल्या लोकांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं कळतं. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहून या. तिथल्या लोकांनी आधी स्वतःवर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी घातली, मग उजाड डोंगर पुन्हा उभा राहिला. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जी माणसं स्वतःच्या गाईला आवरतात, त्यांना ‘तुमची गुरं चालतात, मग माझी घोडी का नाही’ हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? पाड्यावरची गाय म्हणजे तिथला संसार, आणि घोडी ही तुमची रविवारची हौस. हौसेला मी नावं ठेवत नाही. पण दोघांना एका तराजूत घालू नका.

पूर्वजांचं म्हणाल तर खानदेशात घोडा मुख्यतः तापीच्या खोऱ्याचा. बऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारी जुनी व्यापारी वाट याच मैदानातून जायची. माझे वडील भुसावळला टांगा चालवायचे. टांग्याखाली एक टोपली टांगलेली असे, लीद उचलायला. स्टेशनसमोर लीद पडली की ते आधी ती भरून घेत, मग भाडं बघत. लहानपणी मला त्याची लाज वाटे. आता वाटतं की पूर्वजांचा वारसा सांगायचाच तर टोपलीपासून सांगावा.

लिदीवरून आठवलं, कारण याकडे कुणाचंच लक्ष नसतं. घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि त्यातलं बी जिवंत असतं. घोड्याने पायथ्याला विलायती बाभळीच्या शेंगा खाल्ल्या की दोन-तीन दिवसांनी ती बाभूळ डोंगरावर पेरली गेली म्हणून समजा, खतासकट. गाजर गवत खुरांच्या मातीतून आणि शेपटीच्या केसांतून जातं. वर रानात आधीच घाणेरीने जागा खाल्ली आहे, त्यात आपली भर नको. निघण्याआधी तीन दिवस घोडी बांधावर चरायला सोडू नका. चाळलेला हरभरा आणि स्वच्छ कुट्टी द्या, रानात तोबरा, म्हणजे तोंडाला दाण्याची पिशवी, बांधा. निघायच्या दिवशी खूर कोरून काढा, आयाळ आणि शेपूट विंचरा. वाटेवर किंवा पाण्याजवळ लीद पडली तर उचलून लांब पसरून टाका.

बांधण्याबद्दल लिहिताना माझीच चूक सांगते. १९८० च्या आसपासची गोष्ट, गौताळ्याचं अभयारण्य तेव्हा व्हायचं होतं. माझा भाऊ आणि मी एका ओळखीच्यांची घोडी घेऊन पाटणादेवीला गेलो. दर्शनाला जाताना मी तिला एका सलईच्या झाडाला आखूड दोराने बांधली. सलईची साल कशी असते माहीत आहे ना, कागदासारखी, पदर सुटलेली. तासाभराने परत आलो तर घोडी माश्यांनी हैराण होऊन झाडाभोवती फिरत होती, पुढच्या पायाने मुळं उकरत होती. दोर घासून झाडाची साल चारी बाजूंनी सुटली होती आणि डिंकाचे थेंब ओघळत होते. भाऊ म्हणाला, भरून येईल. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ते झाड वाळलेलं होतं. झाडाचं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली उतरतं, साल गोल निघाली की मुळं उपाशी मरतात, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून एकट्या झाडाला घोडं बांधत नाही. दोन जाड झाडांमध्ये डोक्याएवढ्या उंचीवर दोर ताणायचा, झाडाला लागेल तिथे रुंद पट्टा किंवा दुमडलेलं पोतं घालायचं, आणि म्होरकीचा दोर त्या ताणलेल्या दोराच्या मधोमध बांधायचा. खाली खडकाळ जागा निवडायची. थोड्या वेळासाठी तर एकाने घोडे धरून उभं राहावं हेच बरं, आळीपाळीने.

‘रानात काय आहे, नुसती झाडं’ हे वाक्य तुमचं नसावं, मित्राचं असावं असं मी धरून चालते. रानपिंगळा नावाचं एक घुबड आहे, वीतभर लांबीचं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नव्हता, पक्षी संपला असंच जाणकार धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये तीन अमेरिकन पक्षीतज्ज्ञांना तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. ११३ वर्षांनी, भर दिवसा, उघड्या फांदीवर बसलेला, कारण हे घुबड मुख्यतः दिवसा शिकार करतं. पुढे सातपुड्यात इतरत्रही तो सापडला. इतकी वर्षं त्याच रानातून माणसं ये-जा करत होती. आणि उन्हाळ्यात तर जमिनीकडेही बघावं लागतं. टिटवी उघड्या मुरुमावर अंडी घालते आणि ती खड्यांत खडा होऊन पडलेली असतात. रातवा पालापाचोळ्यात नुसता बसतो. भरधाव घोड्यावरून यातलं काही दिसत नाही, दिसायच्या आत खूर पडलेला असतो. व्हिडिओसाठी चौखूर उधळायचंच असेल तर स्वतःच्या वावरात उधळा, पीक निघाल्यावर.

कायद्याचं थोडक्यात. अभयारण्यात शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते. याच कायद्यात पाळीव जनावरांच्या व्याख्येत घोडाही आहे, आणि लसीकरण केल्याशिवाय असं जनावर आत नेता येत नाही. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा गुन्हा आहे, म्हणजे वाळल्या रानात मुक्कामाची शेकोटीही गेली. लसीबरोबर ग्लँडर्सची रक्ततपासणीही पशुवैद्यकांना विचारून करून घ्या. तो रोग घोड्याकडून माणसालाही होतो, आणि यात्रेतून आलेल्या घोड्यांच्या बाबतीत सावध राहिलेलं बरं. परवानगीसाठी वनविभागाच्या कार्यालयात रीतसर अर्ज करा. नाही म्हणाले तर तिथेच विषय संपला. अंधारात नाका चुकवून जायच्या बेतावर ‘दोन्ही बाजू’ मांडायला माझ्याकडे दुसरी बाजूच नाही.

अभयारण्याच्या बाहेर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात सामूहिक वनसंसाधनात, म्हणजे गावाने मिळून वापरायच्या आणि राखायच्या जंगलात, कुणी कसं यावं याचं नियमन करायचा आणि वन्यजीवांना, जंगलाला बाधा आणणारं काम थांबवायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तेव्हा पाड्यावरचे बाबा ‘इथून घोडे नेऊ नका’ म्हणाले तर ती दादागिरी आहे असं समजून चालू नका.

त्या पाड्यावर पुन्हा जा. घोड्याशिवाय, चालत, आणि तो ‘नाला सरकारी’ म्हणणारा मित्र कबूल असेल तर त्याला घेऊन. पैसे नेऊ नका, मोबाइल खिशातून काढू नका. पाणी बिघडवलं, चूक झाली, एवढंच म्हणा. ते बसा म्हणाले तर बसा आणि विचारा, आमच्या घोड्यांनी कुठून गेलेलं चालेल, कधी अजिबात येऊ नये. बऱ्याच गोष्टी तुम्हाला तिथेच कळतील. फाल्गुन-चैत्रात मोहाच्या झाडाखालची जागा पहाटे झाडून ठेवलेली असते, पडलेली फुलं वेचायला. वरवर ती मोकळी जागा दिसते, घोडा घालावासा वाटतो, पण त्या घरांची कित्येक महिन्यांची मीठमिरची त्या फुलांवर असते. हे मी सांगण्यापेक्षा फुलं वेचणाऱ्या बाईकडून ऐकलेलं बरं. आणि ते ‘येऊच नका’ म्हणाले, तर जाऊ नका.

धंद्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. निदान एक वर्ष स्वतः नीट हिंडा, पाड्याशी ओळख वाढवा. मग त्यांच्यातलाच वाटाड्या, त्यांनी ठरवलेले दिवस आणि त्यांचा ठरलेला हिस्सा, असं काही जमत असेल तर बोला. घोडे तुमचे आणि वाट त्यांची, मग हिशेब तुम्ही एकट्याने करून कसं चालेल? तोवर खानदेशात जागा कमी नाही. हिवाळ्यात सारंगखेड्याहून प्रकाशापर्यंत तापीकाठाने जा. शेतकऱ्याला विचारून, पिकात न शिरता. काठावर टिटव्या तिथेही असतात, तेव्हा नजर खालीच.

राहिले मित्र. त्यांना रानपिंगळ्याचं सांगून काही उपयोग होणार नाही, मला अनुभव आहे. त्यांना घोड्याचं सांगा. आखाजीनंतर आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकलेला असतो. सातपुड्याचा काळा खडक तापतो, त्यावर लोखंडी नाल काचेवर सरकावा तसा सरकतो. पाणी मिळणार नाही, ते का हे वर लिहिलंच आहे. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं. ते उठलं तर माणूस घोंगडीत तरी शिरेल, बांधलेला घोडा कुठे जाईल? अंधारात पायाला मोच आली तर चारशे किलोचं जनावर खाली आणायचं कसं, आणि नाका चुकवून आलेल्या माणसाने मदतीला हाक कुणाला मारायची? यावर ‘भित्रा’ म्हणणारा मित्र त्याच्या घोड्याचा खरारा स्वतः करतो का, ते एकदा बघा. माझा अंदाज आहे, गडी करतो.

तुम्ही पत्रात घोडीचा रंग लिहिलात, कपाळावरचा टिळा लिहिलात, पण नाव लिहायचं विसरलात. पुढच्या पत्रात कळवा. आणि झिऱ्यावरच्या बाई काय म्हणाल्या, तेही.